दादाच्या पानाला जागा

डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो उजेडासमोर धरला, तेव्हा दादा म्हणाला, "हा तर आमच्या कारखान्यातला दगड दिसतोय."

डॉक्टर हसले नाहीत. कारण ते खोटं नव्हतंच. दादाने सगळी हयात लोकांच्या स्वयंपाकघरांचे ओटे कापण्यात घालवली होती. कृत्रिम दगडाच्या मोठमोठ्या लाद्या यायच्या, आरशासारख्या गुळगुळीत. त्यांना सिंकसाठी भोक पाडायचं, कडा घासायच्या, कोपरे गोल करायचे. पाणी सोडून कापलं तर धूळ खाली बसते, पण काम रेंगाळतं आणि जमिनीवर रेंदा होतो. शेठला ते खपत नसे, त्यामुळे सगळं कोरडंच कापलं जायचं. संध्याकाळी दादा घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. वहिनी त्याला दारातच अडवून झाडूने झटकायची. "नवरा केलाय की पिठाची चक्की," असं म्हणायची, आणि तेव्हा त्यावर सगळे हसायचे.

आता दादाला जिना चढवत नव्हता. वरच्या खोलीत त्याची धाकटी बहीण राहायची. संसार मोडला तेव्हापासून ती त्याच्याच घरात होती. चाळिशीला टेकली तरी सगळ्यांसाठी ती चिमीच. एका कॉम्प्युटर क्लासमध्ये ती पोरांना टायपिंग आणि पत्रं लिहायला शिकवायची. वेबसाइट बनवणं हे तिचं काम नव्हे, पण घरात कीबोर्डला हात लावणारी ती एकटीच, त्यामुळे दादाने तिलाच धरलं.

"चिमे, माझ्या हाताखालची चार माणसं गेली," तो म्हणाला. मधेच थांबून त्याने श्वास गोळा केला. "एकाला सांगितलं टीबी. एकाला सांगितलं, सिगरेट ओढत होतास. त्याने जन्मात सिगरेट ओढली नव्हती गं. हे लिहायला पाहिजे. कोरडा दगड कापू नका, खोकला आला तर छातीचा फोटो काढा, एवढंच. इंटरनेटवर लिही. भिंतीवर लावलं तर शेठ फाडून टाकेल."

चिमीने लिहिलं. दादा सांगायचा आणि ती टाइप करायची. गेलेल्या चौघांची नावं, कोण किती वर्षं कामाला होता, पहिला खोकला कधी आला, कागदी मास्क का पुरत नाही. त्यांच्या बायकांनी दिलेले फोटो घातले. दादाच्या छातीचा एक्स-रे सगळ्यांत वर ठेवला. खाली चिमीचा फोन नंबर.

पहिल्यांदा तिने ते फुकटच्या जागेवर चढवलं. अशा पुष्कळ कंपन्या असतात, पैसे मागत नाहीत, बदल्यात तुमच्या पानावर स्वतःच्या जाहिराती लावतात. चिमीने कौतुकाने दादाला फोनवर पान दाखवलं. त्याने ते वरून खाली सरकवलं आणि एका जागी त्याचं बोट थांबलं. मेलेल्या चौघांच्या फोटोंखाली एक हसरी बाई चकचकीत ओट्यावर हात ठेवून उभी होती. 'तुमचं स्वयंपाकघर आजच नवं करा.'

दादा हसायला लागला आणि हसता हसता खोकल्याची अशी उबळ आली की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली.

"फुकटचं नको," श्वास परत आल्यावर तो म्हणाला. "भाड्याची का होईना, आपली जागा घे."

मग दोघं बहीण-भाऊ जागा शोधायला बसले. चिमी वाचून दाखवायची, दादा खाटेवर उशांना टेकून ऐकायचा. एक कंपनी म्हणत होती, अमर्याद जागा. दुसरी म्हणत होती, लाखो लोक आले तरी साइट कोसळणार नाही.

"आपल्याकडे किती येतात?"

"दिवसाला आठ-दहा."

"मग लाखाची बढाई आपल्याला कशाला? दोन माणसांच्या घराला कोणी लग्नाचा मांडव घालतं का?" दादाला असल्या गोष्टी पटकन कळायच्या. माप घ्यायचं, तेवढाच दगड घ्यायचा, हेच तो जन्मभर करत आला होता.

चिमीलाही शोधता शोधता बरंच उमगलं. स्वस्तातल्या होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो साइट दाटीवाटीने राहतात, चाळीत बिऱ्हाडं राहावीत तशा. शेजारच्याने गोंधळ घातला की आपलंही पान हळू उघडतं. पण आपल्याकडे साधं पान, थोडा मजकूर, थोडे फोटो, त्याला चाळीतली खोली पुरे. पहिल्या वर्षाचं भाडं पाण्याच्या भावात असतं आणि दुसऱ्या वर्षी तिप्पट होतं, ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ते वाचून तिने तीन कंपन्या बाजूला टाकल्या. चौथीचं भाडं दुसऱ्या वर्षीही झेपण्यासारखं होतं.

"खात्यावर नाव कुणाचं घालू?"

"माझं घाल," दादा म्हणाला. "फोनही माझाच दे. माझ्या नावावर कधी काही नव्हतं, एक जागा तरी असू दे."

पान लागलं. आठ-दहाच माणसं यायची, पण ती नेमकी यायची. कुठल्या कुठल्या गावांतून फोन यायचे. माणसं आधी खोकायची आणि मग बोलायची. चिमी त्यांना एकच सांगायची, फोटो काढा, आणि डॉक्टरांना न विसरता सांगा की तुम्ही दगड कापता. तिघा-चौघांनी फोटो काढलेही. एकाने परत फोन केला, "ताई, डॉक्टर म्हणाले लवकर आलास. काम सोडलं मी." दादाने ते वाक्य तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

पावसाळ्याच्या शेवटी दादाचा दम वाढला. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. वहिनीने चौकशी केली आणि भाड्याचा आकडा ऐकून मशीन न घेताच घरी आली. त्यानंतर काहीच दिवसांत एक टेम्पो दाराशी थांबला. त्यातून मशीन उतरलं आणि मागोमाग कारखान्याचा मॅनेजर. हा मॅनेजर पूर्वी दादाच्याच शेजारी उभा राहून दगड कापायचा. पुढे शेठच्या मर्जीतला झाला, धुळीतून उठून काचेच्या खोलीत बसला.

"शेठनी पाठवलंय," तो वहिनीला म्हणाला. "जुना माणूस आहे, लागेल तितके दिवस ठेवा."

चिमी तेव्हा क्लासला होती. संध्याकाळी आली तर दादाच्या नाकाला नळी होती, मशीन कोपऱ्यात घुरघुरत होतं आणि दादा कितीतरी दिवसांनी आडवा होऊन झोपला होता. वहिनी खाटेच्या पायाशी बसून नुसती त्याच्या छातीकडे बघत होती. शेठला पाझर फुटला, याचं चिमीला नवल वाटलं. पण दादाचा उतरलेला घाम बघून तिने धर्माच्या गाईचे दात मोजले नाहीत.

आठवडा गेला नसेल, क्लासमध्ये एका पोराला पान दाखवायला म्हणून तिने ते उघडलं. उघडलंच नाही. नुसता पांढरा पडदा आणि एक ओळ, हे खातं अस्तित्वात नाही.

'स्वस्तातली वस्तू, जीव तो केवढा,' म्हणून तिने आधी स्वतःलाच दोष दिला. मग कंपनीला फोन लावला. बराच वेळ कानात बासरी वाजत राहिली. शेवटी एक मुलगी आली आणि खातं तपासून मऊ आवाजात म्हणाली, "मॅडम, आमच्याकडून काही बिघाड नाही. खातेदारांनीच बंद करायची विनंती केली होती. त्यांच्या फोनवर आकडे पाठवून खात्री करून घेतलीय आम्ही."

चिमी घरी आली. वहिनी बाजारात गेली होती. दादा जागा होता. तिने काही विचारायच्या आधीच त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

"दादा, पान तू काढलंस?"

मशीन घुरघुरत राहिलं.

"शेठने सांगितलं का? पान काढ, मग मशीन ठेवतो, असं?"

"त्याने नाही. मॅनेजरने," दादा म्हणाला. तेवढा फरकही त्याला सांगावासा वाटला. "चिमे, तुला काय ठाऊक. पाण्यात बुडणारा माणूस दोन मिनिटांत सुटतो. मी रोज बुडतो. सकाळी बुडतो, जेवताना बुडतो. हिच्यासमोर बुडतो." त्याचे डोळे भरले होते. "मला भीती वाटते गं."

ज्या भावाने बापाच्या तिरडीला खांदा देताना डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं, तो हे बोलत होता. तिने त्याच्या पायावर हात ठेवला.

"सगळं माझ्याकडे जपून ठेवलंय," ती म्हणाली. "फोटो, नावं, सगळं."

"असू दे. मी असेपर्यंत लावू नको. मी गेल्यावर लाव. कबूल?"

"कबूल."

नवी जागा बघून ठेवायला काय हरकत आहे, असं तिने मनाशी म्हटलं. आता तिची पारख बदलली होती. भाडं बघायचं होतंच, ती काही पैशांच्या राशीवर बसली नव्हती. पण पहिला प्रश्न हा होता, की कुणी डोळे वटारले तर ही माणसं काय करतील? मोठ्या कंपन्यांना विचारलं तर ठरीव उत्तरं आली. शेवटी एक लहानशी कंपनी सापडली. दोघंच भागीदार, आणि फोन मालक स्वतः उचलायचा. जाहिरातीत वर्षभराची सूट नव्हती, अमर्याद काही नव्हतं, पहिल्या महिन्याला जे भाडं तेच पुढे.

"साइटवर काय असणार?" मालकाने विचारलं.

चिमीने सांगितलं.

"तक्रार आली तर काय कराल?" तिने विचारलं.

"आधी तुम्हाला फोन करीन. पुरावा विचारीन. कोर्टाचा हुकूम आला तर मात्र उतरवावं लागेल, तिथे माझा इलाज नाही. खोटं बोलून गिऱ्हाईक धरत नाही मी."

खरं बोलणारा माणूस म्हणून तिने तीच जागा घेतली, या वेळी स्वतःच्या नावावर. पान चढवलं, तपासलं आणि कुलूप लावून ठेवलं. एक बटण दाबलं की जगाला दिसेल. मग तिच्या लक्षात आलं की आपण नेमकी कशाची वाट बघतोय.

फोन येतच होते. पान का दिसत नाही, मुकादमाला दाखवायचं होतं, डॉक्टरांना दाखवायचं होतं. ती सांगायची, दुरुस्ती चालू आहे. दुपारच्या सुट्टीत एका बाईचा फोन आला. तिचा नवरा ओटे कापायचा. पान वाचून त्याने काम सोडलं होतं, फोटोसाठी दवाखान्यात नंबर लावला होता.

"काल परत कामावर गेला," बाई म्हणाली. "ठेकेदार म्हणाला, बघ, खोटं होतं म्हणून काढून टाकलं. खरं असतं तर काढलं असतं का? ताई, खरं होतं ना हो?"

"खरं आहे," चिमी म्हणाली.

"मग काढलं का?"

फोन ठेवून ती रिकाम्या क्लासात बसून राहिली. पोरांचे डबे उघडे होते, बाहेर व्हरांड्यात दंगा चालला होता. तिने कॉम्प्युटर चालू केला, नव्या जागेत गेली आणि बटण दाबलं. मग त्या बाईला फोन करून म्हणाली, "आता बघा. आणि त्यांना घरी बोलवा." शब्द मोडला होता. पण बटण परत फिरवावं असं तिला वाटलं नाही. याचीच तिला पुढे फार दिवस लाज वाटत राहिली.

घरी तिने कुणाला सांगितलं नाही. मॅनेजर आला तो रविवारी सकाळी, दोन हमाल घेऊन. वहिनी समोर गेली. "शेठना वाईट वाटलंय," तो म्हणाला. "दिलेला शब्द पाळायला हवा होता." बोलताना त्याने रुमाल तोंडाशी नेला आणि दोनदा खोकला दाबला. दादाने तो खोकला ऐकला. कान देऊन ऐकला.

वहिनी गोंधळून म्हणाली, "कसला शब्द? आम्ही काय केलं?"

दादाने चिमीकडे पाहिलं. एकदाच. चिमीला वाटलं, आता तो बोलेल आणि या घरातलं आपलं अन्नपाणी संपेल. तिने तोंड उघडलं.

"मीच सांगितलं हिला," दादा म्हणाला. "लाव म्हटलं. घेऊन जा तुमचं मशीन." आणि स्वतःच्या हाताने त्याने नाकातली नळी काढली. ती कानामागे अडकली, तेव्हा मॅनेजरनेच पुढे होऊन सोडवली.

"तू पण फोटो काढ रे," दादा त्याला म्हणाला. मॅनेजर हमालांच्या मागोमाग बाहेर पडला.

दुसरं मशीन भाड्याने मिळेपर्यंत मधले जे दिवस गेले, ते चिमीला कधी कुणाला नीट सांगता आले नाहीत. दादा खिडकीशी स्टुलावर बसून असायचा, पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. झोप आली की कपाळ खिडकीच्या गजाला टेकायचा. बोलणं बंद केलं होतं, बोलायला हवा लागते. वहिनी मागे उभी राहून त्याची पाठ चोळायची. चिमी सायकल घेऊन दुकानोदुकानी फिरली, क्लासच्या मालकाकडून उचल घेतली आणि शेवटी एक जुनं मशीन आणलं. ते पहिल्याइतकं जोरकस नव्हतं. डॉक्टर म्हणाले, काही नसण्यापेक्षा बरं.

थंडी सुरू झाली आणि एका दुपारी दवाखान्यात दादा गेला. डॉक्टरांनी चिमीला बाजूला घेऊन सांगितलं, आज ना उद्या हे होणारच होतं, फुप्फुसं संपली होती. तिने विचारलं, "ते चांगलं मशीन असतं तर?" "थोडे दिवस, कदाचित," डॉक्टर म्हणाले. किती थोडे, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

वहिनीने रडून घेतलं आणि मग घर गप्प झालं. दोघी एका ओट्यावर स्वयंपाक करायच्या, एकमेकींना ताट वाढून द्यायच्या, पण कामापलीकडे शब्द नव्हता. चिमीने चौघांच्या नावाखाली पाचवं नाव लिहिलं. फोटो कुठला घालायचा हे वहिनीला विचारायचं तिला धाडस झालं नाही, म्हणून ती जागा रिकामीच ठेवली.

पुढे शेठच्या वकिलाची तक्रार आली. होस्टिंगवाल्याने बोलल्याप्रमाणे आधी फोन केला. चिमीने एक्स-रे आणि डॉक्टरांचे कागद पाठवले. "राहू द्या पान," तो म्हणाला. "कोर्टात गेले तर बघू." अजून तरी ते कोर्टात गेले नव्हते. कारखाना चालू होता. लाद्या उतरत होत्या. त्या दुपारी फोन करणारी बाई पुन्हा कधी बोलली नाही. चिमीने लावलेला फोन लागत नव्हता. तिचा नवरा घरी आला की नाही, हे कळलंच नाही.

एका सुट्टीच्या सकाळी दोघी धान्य निवडत बसल्या होत्या. चिमीचा फोन वाजला. हात धान्यात होते, म्हणून तिने आवाज मोठा करून फोन जमिनीवरच ठेवला. कुठल्याशा गावची म्हातारीसारखा आवाज असलेली बाई होती. मुलगा दगड कापतो, पान नातवाने वाचून दाखवलं, असं सांगत होती.

"हे ज्यांनी लिहिलंय," तिने विचारलं, "त्यांना आता बरं आहे का?"

चिमीने वहिनीकडे पाहिलं. वहिनीची मान खाली होती, बोटं दाण्यांतून फिरत होती.

"नाही," चिमी म्हणाली. "ते गेले."

"अगं बाई," पलीकडची बाई म्हणाली.

वहिनी हळूच म्हणाली, फोनला नव्हे, चिमीला, "त्यांनी नव्हतं सांगितलं तुला. मला ठाऊक आहे. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. नळी काढताना हात कापत होते त्यांचे."

"वहिनी, मी..."

"राहू दे. तुला माफ केलंय असं नाही म्हणत मी. ते जमेल तेव्हा जमेल." तिने सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि जमिनीवरचा फोन उचलून तोंडाशी धरला.

"ऐका हो बाई," ती म्हणाली, "मी त्यांची बायको बोलतेय. तुमचा मुलगा घरी येतो तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या असतात का?"